पॅट्रिक गेडिस: उकिरड्यांच्या जागी मुलांसाठी बागा मागणारा नगररचनाकार

कोणत्याही लहान शहराचा विकास आराखडा उघडला की त्यात हिरव्या रंगाचे चौकोन दिसतात. कुठे बगीचा, कुठे खेळाचं मैदान अशी आरक्षणं त्यावर लिहिलेली असतात. प्रत्यक्ष जागेवर गेलं तर बरेचदा तिथे काटेरी झुडपं असतात, बांधकामाचा राडारोडा असतो आणि नशीब चांगलं असेल तर एक गंजलेली घसरगुंडी. बाग झालीच तर ती गावाबाहेर, घरून चालत जाता येणार नाही इतकी लांब. संध्याकाळी लहान मुलाला घेऊन आई किंवा आजोबा निघाले, तर बसायला जागा मिळते ती रस्त्याच्या कडेलाच.

हे दुखणं नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ते ओळखलं होतं. मोठी बाग कधी होईल याची वाट बघत बसण्यापेक्षा घराजवळचा पडका तुकडा आधी ताब्यात घ्या, असं त्याचं सांगणं होतं. तो भारतात आला, इथल्या गावांच्या बोळाबोळांतून फिरला आणि पन्नासच्या आसपास शहरांवर अहवाल लिहून गेला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापकही तोच. त्याचं नाव सर पॅट्रिक गेडिस.

बटाट्याच्या वाफ्यातलं शिक्षण

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या छोट्या गावात झाला. वडील अलेक्झांडर लष्करात होते. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळ किनूल टेकडीच्या उतारावर राहायला गेलं. घर साधंच होतं, पण भोवती बाग होती. वडिलांबरोबर बटाटे लावायचे, वाफे करायचे, टेकडीवर भटकायचं आणि वरून खालचं शहर आणि नदी एका नजरेत पाहायची, असं त्यांचं बालपण गेलं. पुढे आयुष्यभर त्यांनी जे सांगितलं त्याचं मूळ इथे आहे. मूल हाताने माती उकरतं तेव्हा शिकतं, ही गोष्ट त्यांना पुस्तकात वाचावी लागली नाही.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. मग एडिनबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी नाव घातलं आणि आठवडाभरात सोडूनही दिलं. झाडांची चिरफाड करून नावं पाठ करण्यात त्यांना रस नव्हता. १८७४ मध्ये ते लंडनला गेले आणि टी. एच. हक्सली यांच्याकडे जीवशास्त्र शिकले. ना पदवी, ना परीक्षा, तरी ते उत्तम शास्त्रज्ञ म्हणून ओळखले जाऊ लागले.

मग एक आघात झाला. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावं लागलं. दृष्टी परत आली, पण डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणं आता शक्य नव्हतं. सजीव आणि त्याचा परिसर यांचं नातं त्यांनी आतापर्यंत काचेखाली पाहिलं होतं. यापुढे तेच नातं ते शहरात शोधू लागले.

गलिच्छ वस्तीत थाटलेला संसार

एडिनबरोचा जुना भाग त्या काळी बकाल झाला होता. पैसेवाले लोक केव्हाच नव्या, आखीव भागात निघून गेले होते. मागे उरल्या उंचच उंच जुन्या इमारती. एकेका खोलीत एकेक कुटुंब, अंधारे जिने, खाली कचऱ्याने भरलेली चौकं. १८८५ मध्ये गेडिस यांनी काही मित्रांना घेऊन एडिनबरो सोशल युनियन ही संस्था काढली. दुसऱ्या वर्षी त्यांनी लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, ॲना मॉर्टनशी लग्न केलं. लग्नानंतर लवकरच या जोडप्याने चांगल्या वस्तीतलं घर सोडलं आणि जुन्या भागातल्या जेम्स कोर्ट इथे बिऱ्हाड केलं.

बाहेरून येऊन उपदेश करणारे समाजसुधारक लोकांनी भरपूर पाहिले होते. हे दोघं तिथेच राहू लागले, त्यांची मुलंही तिथेच वाढली. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी भिंतींना चुना लावला, चौक झाडून काढले, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. काम अगदी किरकोळ दिसत होतं. पण स्वतःच्या हाताने स्वच्छ केलेल्या चौकात लोक पुन्हा कचरा टाकत नाहीत, हे त्यातून कळलं. या कामात ॲनाचा वाटा फार मोठा होता. कल्पना नवऱ्याच्या, आणि हिशेब, माणसं, पत्रव्यवहार सांभाळणं तिच्याकडे, अशी ही वाटणी शेवटपर्यंत राहिली.

१८८८ मध्ये गेडिस यांना डंडी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं. वर्षातून फक्त उन्हाळ्याचं सत्र शिकवायचं होतं. उरलेला वेळ शहरासाठी. १८९२ मध्ये त्यांनी एडिनबरोच्या किल्ल्याजवळची एक जुनी इमारत घेऊन तिथे आउटलुक टॉवर सुरू केला. गच्चीवरून आधी आपलं शहर पाहायचं, मग एकेक मजला उतरत देश आणि जग समजून घ्यायचं, अशी तिथली रचना होती. पैशाचं गणित मात्र त्यांना कधीच जमलं नाही. इमारती घेण्यात ते कर्जात बुडाले आणि १८९६ मध्ये मित्रांना एक कंपनी काढून त्यांचे व्यवहार सांभाळावे लागले.

लहान शहराची मोठी बाग

डनफर्मलिन हे स्कॉटलंडमधलं कापड विणणाऱ्यांचं शहर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली वस्ती २५ हजारांच्या आसपास होती. अमेरिकेत पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवणारे अँड्र्यू कार्नेगी मूळचे याच गावचे, एका विणकराचा मुलगा. गावाला लागून पिटनक्रिफ नावाची एका जमीनदाराची रम्य जागा होती. वर्षातून एक दिवस ती गावकऱ्यांना खुली व्हायची. पण कार्नेगींच्या आजोळच्या मंडळींनी जमीनदाराशी हक्कांवरून भांडण मांडलं होतं, म्हणून त्या घरातल्या मुलांना त्या दिवशीही आत जायला बंदी. कुंपणाबाहेर उभं राहिलेल्या त्या मुलाने १९०२ मध्ये ती सगळी जागाच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी गावाला देऊन टाकली.

या जागेचं काय करायचं, हे सांगण्यासाठी विश्वस्तांनी गेडिस यांना बोलावलं. १९०४ मध्ये त्यांनी मोठा सचित्र अहवाल सादर केला. त्यात फुलांचे ताटवे होतेच, पण त्याआधी गावातून येणारा घाण ओढा स्वच्छ करण्याचा आग्रह होता. ओढ्याची आजची अवस्था आणि स्वच्छ झाल्यावरचं रूप त्यांनी चित्रांतून शेजारी शेजारी दाखवलं. मुलांना खेळायला आणि हाताने काम करायला जागा, कारागिरांसाठी कार्यशाळा, निसर्ग आणि इतिहास समजावणारी दालनं, असं सगळं त्यांनी मांडलं. बाग आणि गाव वेगळं काढता येत नाही, हा त्यामागचा विचार होता.

विश्वस्तांना हे फार मोठं आणि फार महाग वाटलं. अहवाल बाजूला ठेवला गेला. पिटनक्रिफची बाग आजही लोकांची आहे, पण ती गेडिस यांच्या आराखड्याप्रमाणे झाली नाही.

बागांबद्दलचं त्यांचं एक निरीक्षण मात्र आजही लागू पडतं. १९१५ मध्ये आलेल्या 'सिटीज इन इव्होल्युशन' या पुस्तकात त्यांनी लिहिलं की, सार्वजनिक बागा बहुतेक वेळा बंगल्यातल्या साहेबाच्या नजरेने आखल्या जातात. हिरवळ बघायची, तुडवायची नाही. मुलग्यांना क्रिकेट किंवा फुटबॉलसाठी एक कोपरा दिला की काम झालं, आणि पहारेकरी त्यांच्याकडे संशयानेच बघणार. मुलांना खरं तर खड्डे खणायचे असतात, झोपडी बांधायची असते, ओहोळाला बांध घालायचा असतो. ती संधी मिळाली नाही की हीच मुलं मोडतोड करतात आणि मग आपण त्यांना उनाड म्हणतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

७६ तुकडे, १० एकर

डनफर्मलिनचा अनुभव कडू होता. पण त्यानंतरच्या काही वर्षांत गेडिस यांचं सर्वांत उपयोगी काम उभं राहिलं आणि त्याला मोठा दाता लागला नाही. एडिनबरोच्या जुन्या भागात पडझड झालेली घरं पाडल्यावर ठिकठिकाणी मोकळे तुकडे उरले होते. कोणाचं लक्ष नसल्याने त्यांचे उकिरडे झाले होते. आउटलुक टॉवरच्या एका समितीने गल्लीगल्लीत फिरून अशा जागांची मोजणी केली. ७६ तुकडे निघाले. सगळे मिळून जवळपास १० एकर. दाट वस्तीत, लोकांच्या दारातच एवढी जमीन पडून होती आणि ती कोणाच्या हिशेबात नव्हती.

एकेक तुकडा मालकाकडून वापरायला मागून घ्यायचा, राडारोडा उचलायचा, माती घालायची, झाडं लावायची, बसायला बाक ठेवायचे, अशी पद्धत होती. १९११ पर्यंत दहाच्या आसपास बागा तयार झाल्या. थोरली मुलगी नोरा हिने बागांची आखणी करण्यात पुढाकार घेतला. मोठ्या बागेपर्यंत न पोहोचणारी लहान मुलं, कडेवर बाळ असलेल्या बाया आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी या जागा होत्या. त्यातल्या वेस्ट पोर्ट आणि जॉन्स्टन टेरेस इथल्या बागा शंभर वर्षांनंतरही टिकून आहेत.

बुडालेलं जहाज आणि भारतातली पायपीट

शहरं कशी वाढतात हे नकाशे आणि चित्रांतून दाखवणारं एक प्रदर्शन गेडिस यांनी तयार केलं होतं. १९१३ मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथे त्याचा गौरव झाला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी ते भारतात आणण्याचं निमंत्रण दिलं. १९१४ मध्ये गेडिस मुलगा ॲलास्डेरसह भारतात आले. प्रदर्शन घेऊन येणारं क्लॅन ग्रँट हे जहाज मात्र एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ऑक्टोबरमध्ये बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं समुद्रात गेलं. मित्रांकडून नवी चित्रं आणि नकाशे मागवून १९१५ च्या सुरुवातीला त्यांनी मद्रासमध्ये प्रदर्शन भरवलंच.

तो काळ भारतात प्लेगचा होता. उपाय म्हणून दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढायचे आणि आड येणारी घरं पाडायची, अशा योजना इंजिनिअर मंडळी आखत होती. १९१५ मध्येच मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याच वर्षी गेडिस यांनी या इलाख्यातल्या सहा शहरांवर अहवाल लिहिले. महाराष्ट्र शासनाने ते १९६५ मध्ये पुन्हा छापले. १९१६ मध्ये त्यांनी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यासाठीही अहवाल दिला. तंजावर, मदुराई, लखनौ, बलरामपूर, कपूरथळा, लाहोर अशी यादी वाढत गेली.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कचेरीत बसून नकाशावर रेघा मारण्याआधी पायी फिरायचं. प्रत्येक बोळ, प्रत्येक आड, प्रत्येक देऊळ बघायचं. कोणतं घर पक्कं आहे, कोणतं ढासळलेलं आहे, कोणतं रिकामं आहे याची नोंद करायची. मग लक्षात यायचं की सरळ रस्त्यासाठी शेकडो घरं पाडण्याची गरज नाही. मोडकळीला आलेली मोजकी घरं काढली आणि रिकाम्या जागा एकमेकींना जोडल्या तरी हवा आणि उजेड आत येतो. खर्चही कितीतरी कमी. शल्यविशारद जसा गरजेपुरतीच चीर देतो, तसं हे काम, म्हणून त्याला कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी हे नाव पडलं. घरं पाडली की तिथली गरीब माणसं नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत दाटीने राहू लागतात आणि तिथली भाडी वाढतात, हा इशाराही त्यांनी वारंवार दिला.

या छोट्या मोकळ्या जागांचं काय करायचं, याचं उत्तर त्यांना इथल्याच गावांत सापडलं. पिंपळ किंवा कडुनिंबाचं झाड, त्याभोवती पार, जवळ आड आणि एखादं छोटं देऊळ. तिथे मुलं खेळतात, म्हातारे बसतात, बाया पाणी भरता भरता दोन शब्द बोलतात. जिथे लोकांची श्रद्धा असते ती जागा लोक आपणहून स्वच्छ ठेवतात, हेही त्यांनी हेरलं. विलायती पद्धतीचं कुंपणबंद उद्यान आणण्यापेक्षा असे पार वाढवणं त्यांना शहाणपणाचं वाटलं. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना मोकळी हवा मिळावी म्हणून जनाना बागा असाव्यात, असं त्यांनी सुचवलं. डासांच्या भीतीने गावतळी बुजवायला त्यांचा विरोध होता. तळ्यात मासे आणि बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील, आणि तळं राहिलं तर गाव थंड राहील, असा त्यांचा सल्ला होता.

दुःखाचं वर्ष आणि इंदूरची दिवाळी

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्यासाठी क्रूर ठरलं. एप्रिलमध्ये ॲलास्डेर फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. तेव्हा ॲना भारतातच होती आणि अंथरुणाला खिळलेली होती. मुलगा गेल्याची बातमी तिला सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती तिच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये ॲनाही गेली. मुलगा जिवंत आहे, याच समजुतीत ती गेली. ६२ व्या वर्षी परक्या देशात ते एकटे पडले आणि त्यांनी स्वतःला कामात झोकून दिलं.

तुकोजीराव होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगने ठाण मांडलं होतं. हातात नकाशा घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या गोऱ्या माणसाला लोक घाबरत. हा आला की घरं पाडली जाणार, असं त्यांना वाटे. भीती घालवायला गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक मागून घेतली. दरवर्षीच्या ठरावीक वाटेने मिरवणूक जाणार नाही, तर ज्या भागातले लोक आपली घरं आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील त्या भागातून जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. मग शहरभर झाडलोट, रंगरंगोटी आणि डागडुजीची चढाओढ लागली. हजारो गाड्या कचरा निघाला.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. त्यामागून शहरातले सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, हार घालून, सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालले. ज्यांची सावलीही टाळली जात होती, त्यांना त्या दिवशी हार घालून मिरवलं गेलं. मागे इंदूर नगरीची देवी आणि होऊ घातलेल्या नव्या घरांच्या प्रतिकृती होत्या. लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली. शेवटी राक्षस जाळला आणि दारूकाम झालं. त्यानंतर मुलं या म्हाताऱ्या साहेबाला बघून पळत नसत. १९१८ मध्ये त्यांनी इंदूरवर दोन खंडांचा अहवाल दिला. त्यांच्या भारतीय अहवालांतला तो सर्वांत मोठा मानला जातो.

मुंबई, तेल अवीव आणि शेवट

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि गेडिस यांना प्राध्यापक नेमलं. ते १९२४ पर्यंत तिथे होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनी इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी निवडलं. पुढे घुर्ये यांनीच हा विभाग सांभाळला आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. याच काळात, १९२० मध्ये, गेडिस यांनी जगदीशचंद्र बोस यांचं चरित्र प्रसिद्ध केलं.

वर्गात ते फारसे लोकप्रिय नव्हते. दाढीतल्या दाढीत पुटपुटत बोलत, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारत. लिहिणंही तसंच पसरट. अहवाल वाचून अधिकारी वैतागत. हेही लक्षात ठेवायला हवं की ते अहवाल गव्हर्नर, दरबार आणि नगरपालिकांसाठी इंग्रजीत लिहिलेले होते. ज्या बोळांची त्यांनी बाजू घेतली, तिथल्या माणसांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. बहुतेक सूचना कपाटात पडून राहिल्या.

त्यांची कल्पना मोठ्या प्रमाणावर उतरली ती तेल अवीवमध्ये. १९२५ मध्ये त्यांनी या वाढत्या पण तेव्हा लहानच असलेल्या शहराचा आराखडा केला. वाहतुकीचे मोठे रस्ते बाहेरून, घरांकडे जाणारे अरुंद रस्ते आत, आणि घरांच्या प्रत्येक गटाच्या मध्यभागी एक छोटी सार्वजनिक बाग. मुलाला मोठा रस्ता ओलांडावा न लागता खेळायला जाता यावं, अशी ही मांडणी होती. सगळ्या बागा झाल्या नाहीत, पण शहराच्या त्या भागाची घडण आजही याच आराखड्याची आहे. २००३ मध्ये युनेस्कोने तो भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

मुंबई सोडल्यावर गेडिस दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए इथे स्थायिक झाले. तिथे त्यांनी एक कॉलेज उभारलं आणि अर्थातच एक बाग केली. पूर्वी नाकारलेला सर हा किताब त्यांनी अखेरीस स्वीकारला. १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचं निधन झालं.

आज याचा उपयोग काय?

महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक आणि नगररचना कायदा बगीचे आणि मैदानांसाठी जागा राखून ठेवण्याची सोय करतो. पण त्याच कायद्याच्या कलम १२७ नुसार, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होतं. नकाशावरचा हिरवा चौकोन असा एक दिवस गुपचूप पुसला जातो. गावाला ते बरेचदा तिथे बांधकाम सुरू झाल्यावरच कळतं.

एडिनबरोच्या समितीने जे केलं त्याला कायदा लागला नव्हता आणि करोडपतीही लागला नव्हता. आधी गावात पायी फिरून कोणकोणते तुकडे मोकळे आहेत, ते कोणाचे आहेत आणि तिथून सर्वांत जवळची मुलं किती पावलांवर राहतात, याची यादी त्यांनी केली. मग त्यातला एक तुकडा निवडून काम सुरू केलं. अशी यादी कोणत्याही गावात आठवड्याभरात करता येते.